मीटर सांगतो, अण्णा बरे आहेत

टॉर्च घे आणि खाली जाऊन ये. जिन्याखालच्या पेटीत आपला मीटर आहे, डावीकडून दुसरा. त्याच्यावर कुठला दिवा लागलाय तेवढंच बघ. हिरवा की लाल. कशाला हात लावू नकोस.

काय? लाल लुकलुकतोय? मग झालं. म्हणजे वरून काहीतरी अपडेट चाललंय. आता बसा अंधारात. फोनबिन करू नका, काही उपयोग नाही. ती बाई गोड आवाजात सांगेल, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि गाणं लावून निघून जाईल. संध्याकाळपासून दोनदा ऐकलंय मी ते गाणं, पाठ झालंय.

हसताय काय? तुम्हाला वाटतं म्हाताऱ्याला नव्या गोष्टींचा राग येतो. राग नाही रे, वैताग आहे. राग काढायला समोर माणूस लागतो. इथे माणूसच सापडत नाही.

ही आमची भाची म्हणते, मामा, लाइट येईपर्यंत गोष्ट सांगा, भुताची. सांगतो. पण ही भुताची आहे की मीटरची, ते मला अजून धड कळलेलं नाही. आणि मधेच मोबाइलचा उजेड पाडायचा नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझ्याबरोबर पाणीखात्यात एक जण होता. आम्ही सगळे त्याला भोंगा म्हणायचो. दोघंही मीटर रीडर. घरोघर हिंडायचं, फाटक वाजवायचं, झाकण उचलायचं, आकडा टिपायचा, पुढचं घर. भोंगा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून एकदाच 'मीटर' म्हणून ओरडायचा आणि गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाची बाई कुत्रं बांधायला धावायची. त्याला कधी बेल वाजवावी लागली नाही.

मग ते नवे मीटर आले, स्वतःच आकडा पाठवणारे. घरातला मीटर तासातासाला खांबावरच्या डब्याला सांगतो, डबा ऑफिसला सांगतो आणि ऑफिसात पडद्यावर सगळं दिसतं, कुठल्या घरात कधी किती पाणी गेलं ते. मी तेव्हाच निवृत्ती घेतली. भोंग्याची अजून काही वर्षं उरली होती, म्हणून त्याला पडद्यासमोर बसवलं. एवढ्या आवाजाचा माणूस आणि काम काय, तर गप्प बसून बघत राहायचं.

भोंग्याचे वडील, म्हणजे अण्णा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. सगळी नोकरी कारखान्यात लेथवर काढलेली. राग नाकाच्या शेंड्यावर. भोंग्याची आई गेल्यावर भोंग्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनीने, किती विनवण्या केल्या, इकडे या, इकडे या. छे. आणि हे मीटर निघाले तेव्हा अण्णांनी लेकाला रोखठोक सांगितलं, 'मी कधी नळ सोडतो आणि कधी संडासात पाणी ओततो, ते तुम्ही ऑफिसात बसून बघणार काय? माझ्या दारात ते यंत्र लागणार नाही.'

इकडे भोंग्याची पंचाईत. वरून हुकूम सुटला होता की आधी आपल्याच लोकांच्या नातेवाइकांकडे बसवा, म्हणजे बाकीच्यांचा विश्वास बसेल. तर या शहाण्याने काय करावं? अण्णा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तेवढ्यात स्वतःच्या हाताने जुना मीटर काढला आणि नवा बसवून मोकळा झाला. अण्णा आले. फाटकापाशी थांबले. मीटरकडे बघितलं, मग याच्याकडे बघितलं. अवाक्षर बोलले नाहीत. आत गेले आणि कडी लावून घेतली.

तेव्हापासून अबोला. फोन केला तर उचलायचे नाहीत. दार वाजवलं तर आतून रेडिओ मोठा करायचे. हा दोन-चारदा गेला, बाहेरच्या पायरीवर बसून परत आला, मग यानेही जाणं सोडलं. बाप हट्टी आणि लेक त्याच्या वरताण. मी मधे पडायला गेलो तर मलाच म्हणाला, तू आमच्या घरच्या भानगडीत पडू नकोस.

आता गंमत बघा. ज्या मीटरपायी बोलणं तुटलं, त्याच मीटरवरून याला बापाची खबर मिळायला लागली. कामावर आला की पहिल्यांदा अण्णांच्या मीटरचा नंबर टाकायचा. पडद्यावर दांड्या उभ्या राहायच्या. ही सकाळची उंच, म्हणजे आंघोळ. ही दुपारची बुटकी, म्हणजे भांडी. ही संध्याकाळची, म्हणजे कुंड्यांना पाणी. लगेच घरी फोन, 'अगं, अण्णांची आंघोळ झाली. बरे आहेत.'

वहिनी वैतागायची. म्हणायची, 'अहो, मीटर बरा आहे. अण्णा कसे आहेत ते एकदा जाऊन बघा की.'

'दार उघडत नाहीत ते. डोकं आपटून घेऊ का दारावर?'

मलासुद्धा म्हणाला होता, बाप बोलत नाही पण बापाचा मीटर बोलतो, माझं भागतं तेवढ्यावर. मी म्हटलं, कपाळ तुझं.

तर ती रात्र. सप्टेंबरातला दुसरा गुरुवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. भोंगा रात्रपाळीला एकटाच होता. साडेदहा वाजले असतील. तक्रारीचा फोन वाजला.

'माझी तक्रार नाहीये हो,' पलीकडून एक बाई म्हणाली. 'तुमची गाणी ऐकून आणि बटणं दाबून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठे माणूस मिळाला. मी नर्स आहे. माझ्या शेजारी एक आजोबा राहतात, त्यांचा मुलगा तुमच्या खात्यात आहे म्हणे. त्याला निरोप द्यायचाय.' आणि तिने पत्ता सांगितला. अण्णांचा.

'मीच तो मुलगा. काय झालं?'

'मी आठवडाभर बहिणीकडे होते, आज आले. त्यांच्या दाराबाहेरचा दिवा भरदिवसा चालू होता. रेडिओचा आवाज नाही. कुंड्यांतली झाडं माना टाकून पडलीत. मी दार वाजवलं, ओ नाही.'

भोंगा म्हणाला, 'अहो बाई, ते कोणालाच ओ देत नाहीत. मला इथे दिसतंय ना. आज सकाळी आंघोळ केलीय त्यांनी. संध्याकाळी झाडांना पाणीसुद्धा घातलंय.'

'तुम्हाला तिथे दिसतंय,' ती म्हणाली. 'मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते.'

याने 'बरं, बघतो' म्हणून फोन ठेवला. चिडला होता. लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची हौस, वगैरे वगैरे पुटपुटला असणार, मला माहीत आहे ना तो. पण ती कुंड्यांची गोष्ट डोक्यात राहिली. पाणी तर रोज घातलेलं दिसत होतं. मग झाडं कशी सुकली?

त्याने नंबर टाकला आणि या वेळी नुसत्या दांड्या न बघता खालचे आकडे नीट वाचले. सोमवारची आंघोळ, मंगळवारची, बुधवारची, आजची. चारही आकडे एकच. दुपारची भांडी, चारही दिवस एकच. शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत. माणूस अशी मापून आंघोळ करतो का? लेथवरचा कामगार झाला म्हणून काय झालं?

त्याने सिस्टीमवाल्या साहेबाला घरी फोन लावला. साहेब झोपेतून उठला.

'तो अंदाज असतो हो,' साहेब जांभई देत म्हणाला. 'राहत्या घरात एकदम शून्य आलं, की सिस्टीम मीटर अडकला असं धरते आणि मागची सरासरी भरून टाकते. नाहीतर बिलं कशी निघायची?'

'आणि शून्य खरंच असलं तर?'

'राहत्या घरात शून्य कसं असेल?'

भोंग्याने पडद्यावरचे ते चार आकडे परत वाचले. मग म्हणाला, 'हे मला कोणी सांगितलं का नाही?'

'मेल टाकला होता की सगळ्यांना. एप्रिलमध्ये.'

ऐकलंत? मेल टाकला होता. अरे, ज्या माणसाला तुम्ही दिवसभर त्या आकड्यांसमोर बसवता, त्याला हाक मारून सांगता येत नाही? पडद्यावर एक खूण करता येत नाही, की बाबा रे हा आकडा खरा नाही, आम्ही आमच्या मनाने लिहिलाय? मला आजही हे सांगताना हात शिवशिवतात. भोंग्याने फोन आपटला, आणि खरं सांगायचं तर साहेबावर चिडायलाही त्याच्याकडे वेळ नव्हता. चार दिवस शून्य. म्हणजे चार दिवस अण्णांनी नळ उघडलेला नव्हता.

त्या पडद्यावर आणखी एक सोय होती. मीटरला थेट विचारता यायचं. बटण दाबलं की त्या क्षणाला काट्यावर जे असेल ते येतं.

नाही रे पुतण्या, तो अंदाज नसतो. मला ठाऊक होतं तू हेच विचारणार. थेट विचारल्यावर सिस्टीम मधे पडत नाही. मी नंतर दोघा-तिघांना विचारून खात्री केलीय.

भोंग्याने बटण दाबलं. आकडा आला. रविवारी रात्री जो होता तोच. जराही पुढे सरकलेला नाही.

त्याने पुन्हा दाबलं.

शेवटचा आकडा पुढे गेला होता.

पुन्हा दाबलं. आणखी पुढे. अगदी थोडं थोडं, बारीक धार सोडावी तसं. पण पाणी चालू होतं. आत्ता, या घटकेला, अण्णांच्या घरात कोणीतरी नळ सोडला होता.

भोंग्याचा जीव भांड्यात पडला. आजारी असतील, अंथरुणाला खिळले असतील, पण आहेत. उठलेत. त्याने अण्णांच्या घरचा फोन लावला. रिंग वाजायला लागली. रिंग वाजत असतानाच याने बटण दाबलं.

पाणी थांबलेलं.

फोन कोणी उचलला नाही. याने ठेवला आणि परत विचारलं. पाणी चालू.

परत फोन लावला. रिंग... पाणी बंद. ठेवला. पाणी चालू. रिंग वाजली की कोणीतरी नळ बंद करून कान देऊन ऐकत होतं. आणि उचलत नव्हतं.

आता याचा संताप झाला. भीती नाही, संताप. मला म्हणाला, त्या वेळीसुद्धा मला वाटलं, म्हातारा मुद्दाम करतोय. फोन ऐकू येतोय, हात पोचतोय, आणि हट्टाने उचलत नाही. त्या रिकाम्या ऑफिसात तो एकटाच ओरडला, 'अण्णा, उचला की फोन. पाया पडतो तुमच्या.'

तिसऱ्यांदा लावला.

उचलला गेला.

'अण्णा?'

पलीकडे कोणी बोललं नाही. श्वाससुद्धा नाही. फक्त नळाचा आवाज... बारीक धार... कशात तरी पडत होती. भांडं भरत आलं की आवाज चढतो बघा. तसा चढत गेला. चढत गेला. आणि थांबला.

'अण्णा, मी येतोय.'

काहीच नाही...

स्कूटर काढून भोंगा निघाला. पाळी सोडून जाता येत नाही, खाली पहारेकरी 'साहेब, साहेब' करत राहिला, याने वळूनसुद्धा बघितलं नाही. रस्ते मोकळे होते. वाटेत एकच विचार, उचललाय म्हणजे आहेत. आहेत म्हणजे मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवीन आणि तो मीटर त्यांच्या देखत उखडून टाकीन, मग नोकरी गेली तरी बेहत्तर.

फाटकापाशी नर्स टॉर्च घेऊन उभी होती.

'आहेत,' हा धापा टाकत म्हणाला. 'आत्ताच फोन उचलला त्यांनी.'

ती त्याच्याकडे बघत राहिली. 'तुमच्याशी बोलल्यापासून मी इथेच आहे. रिंग ऐकली मी, तीनदा. तिन्ही वेळा वाजून वाजून बंद झाली. कोणी उचलला नाही.'

भोंगा फाटक ढकलून आत आला. सवयीने वाकला आणि मीटरच्या पेटीचं झाकण उचललं. सगळा जन्म तेच केलेलं ना, हात आपोआप गेला. तिने टॉर्च धरला.

मीटरवर आकडा होता. रविवारचा.

आणि मीटरच्या पुढचा कॉक बंद होता. पार घट्ट आवळलेला. त्यावर कोळ्याने जाळं विणलेलं.

'हा कोणी बंद केला?'

'आजोबाच करतात, रोज झोपताना. हा मीटर बसल्यापासून.' तिला सांगताना जड गेलं. 'म्हणतात, रात्री तरी माझ्यावर कोणाची नजर नको.'

भोंगा उभा राहिला आणि ओरडला. 'अण्णा.' एकदाच. त्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत दिवे लागले. कुत्री भुंकायला लागली. आणि मग कुत्रीसुद्धा गप्प झाली.

आतून काही नाही.

खांद्याने धडक देऊन दार उघडलं त्याने. आतली कडी निघाली, दार भिंतीवर आदळलं. दोघं आत शिरले आणि नर्स दोन पावलांवर थांबली. तिला कळलं. तिच्या कामात कळतं.

अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होते. पालथे. एक हात पुढे, ओट्याच्या दिशेने. आणि मागे फरशीवरच्या धुळीत, न्हाणीघरापासून तिथपर्यंत... सरपटल्याचा पट्टा.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी जे बोलले ते आत्ताच सांगून टाकतो, नंतर माझ्याच्याने व्हायचं नाही. अण्णा रविवारी रात्री पडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. पण रविवारी गेले नाहीत ते. सोमवारी होते. मंगळवारीही बराच वेळ असावेत. पाण्यावाचून गेले. आणि त्या दोन्ही दिवशी पडद्यावर त्यांची आंघोळ होत होती, भांडी होत होती, झाडांना पाणी पडत होतं. आणि हा घरी फोन करून सांगत होता, अण्णा बरे आहेत.

 

तर भोंगा तिथे खाली बसला. किती वेळ, त्याला आठवत नाही. नर्स पोलिसांना फोन करत होती. मग हा उठला आणि ओट्यावरचा नळ उघडला. नुसती हवा फुसफुसली. वर टाकी नव्हती त्या घराला, जे काय पाणी ते त्या कॉकमधून. मोरी कोरडी. बादली कोरडी, तळाला पांढरा थर. फोन जागेवर होता, रिसीव्हर नीट ठेवलेला. त्यावरची धूळही विस्कटलेली नव्हती.

'मग मी कोणाशी बोललो?' त्याने विचारलं.

नर्सने टॉर्च वळवला. ती त्याच्या मागे बघत होती. दाराकडे.

दाराच्या आत, बाजूला, एक स्टूल होतं. चपला काढताना टेकायला ठेवतात तसं. आत येताना दोघं त्याच्या शेजारूनच गेले होते, अंधारात, घाईत.

त्याच्यावर पाण्याचा ग्लास होता.

काठोकाठ भरलेला. एवढं दार आदळलं, पण थेंब सांडलेला नव्हता. बाहेरून कोणी आलं की हातात देतो तसा, अगदी हाताशी ठेवलेला.

'मी नाही ठेवला,' नर्स हळूच म्हणाली. 'मी तुमच्याबरोबरच आत आले.'

भोंग्याने हात लावला. गार. ग्लासाला बाहेरून दव सुटलं होतं, आत्ताच भरल्यासारखं.

त्याने तो उचलला. नर्सने त्याचं मनगट धरलं, म्हणाली, नका, पोलीस येऊ देत, हात लावू नका. त्याने तिचा हात बाजूला केला.

मी त्याला विचारलं होतं, अरे, तुला भीती नाही वाटली? तर म्हणाला, 'ज्या माणसाला शेवटी घोटभर पाणी मिळालं नाही, त्याने माझ्यासाठी भरून ठेवलं होतं. मी नको म्हणायचं?'

उभ्याउभ्या प्यायला. सगळा ग्लास.

पोलीस आले तेव्हा उजाडलं होतं. त्यांनी घर पाहिलं, नळ पाहिले, तो बंद कॉक पाहिला आणि लिहून घेतलं की घरात पाणी नव्हतं. भोंग्याने त्यांना ते स्टूल दाखवलं. लाकडावर ग्लासाच्या बुडाचा ओला गोल होता. हवालदाराने तो बोटाने पुसला. थोड्या वेळाने बघितलं, तर गोल तसाच ओला.